मेसचं बिल आणि एरहार्डचा रविवार

गेल्या महिन्यात मेसवाल्या काकांनी बिल वाढवलं. कारण विचारलं तर म्हणाले, "मार्केट रेट आहे." इकॉनॉमिक्सचं इलेक्टिव्ह घेतल्यापासून माझा रूम पार्टनर स्वतःला अर्थतज्ज्ञ समजतो. तो लगेच म्हणाला, "बरोबरच आहे! लुडविग एरहार्डने जर्मनीत हेच केलं. भाव मोकळे सोडले आणि चमत्कार झाला!" कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे भांडताना माझं मराठी कमी पडतं, म्हणून उत्तर इथे लिहितोय. चुका सांभाळून घ्या.

एरहार्डचा जन्म १८९७ चा, बव्हेरियातल्या फ्युर्थचा. वडिलांचं कापडाचं दुकान होतं. पोलिओने पाय अधू झालेला, त्यात पहिल्या महायुद्धात जबर जखमी. दुकानात तासन् तास उभं राहणं जमेना, म्हणून गडी अर्थशास्त्राकडे वळला.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत पैशाला किंमतच उरली नव्हती. काळ्या बाजारात सिगारेटवर व्यवहार चालायचे. रविवार, २० जून १९४८ ला पश्चिम जर्मनीत नवा डॉइश मार्क आला, माणशी ४० मार्क मिळाले. त्याच सुमारास एरहार्डने बऱ्याच वस्तूंवरचं भावनियंत्रण उठवलं. काल रिकाम्या असलेल्या दुकानांत सोमवारी माल दिसू लागला!

इथपर्यंत पार्टनर बरोबर आहे. पुढचं तो सांगत नाही.

घरभाडं आणि मुख्य अन्नधान्यावरचं नियंत्रण तेव्हा उठलंच नाही. बँकेत १०० जुने मार्क ठेवणाऱ्याला शेवटी साडेसहा नवे मिळाले, कारखानदाराचा कारखाना मात्र शाबूत राहिला. भाव भडकले. १२ नोव्हेंबर १९४८ ला लाखो कामगारांनी संप केला. १९५० च्या सुरुवातीला बेकारी १० टक्क्यांवर गेली. भरभराट आली ती नंतर, आणि तिला मार्शल प्लॅनचाही हात लागला होता.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मोकळ्या बाजारात चार बडे लोक गुपचूप भाव ठरवतात हे एरहार्ड ओळखून होता. अर्थमंत्री असताना उद्योगपतींशी वर्षानुवर्षं भांडून त्याने १९५७ मध्ये कार्टेलविरोधी कायदा करून घेतला. त्यात पळवाटा राहिल्या, पण कायदा झाला.

तो काही देव नव्हता. १९६३ मध्ये चॅन्सलर झाला, पण मंदी आली, बजेटवरून मित्रपक्ष बाहेर पडला आणि १९६६ मध्ये खुर्ची गेली. १९७७ मध्ये वारला.

तर पार्टनर, आपल्याकडे मेस एकच. गेटबाहेर जेवलं तरी बिल भरावंच लागतं. याला मार्केट म्हणतात का? स्पर्धाच नाही तिथे कसला आलाय मार्केट रेट!

रेक्टर सर, वाचत असाल तर एवढंच करा: दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरलाही संधी द्या, नाहीतर मेस कमिटीपुढे हिशोब मांडायला लावा. मग बिल वाढलं तरी मी गुपचूप भरेन.