सुधारणा की पुनर्लेखन?

जुने व्हिडिओ गेम आजच्या संगणकावर खेळता यावेत म्हणून जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या आज्ञावल्या, म्हणजेच ‘एम्युलेटर’, निर्माण झाल्या. मूळ चित्र जेमतेम ३२० बाय २२४ ठिपक्यांचे. विशाल पडद्यावर ते ओबडधोबड दिसते. म्हणून चित्र मोठे करताना शेजारच्या ठिपक्यांचे रंग ताडून कडा गुळगुळीत करणारे फिल्टर निघाले. २००१ सालचा ‘स्केल२एक्स’ हा त्यांपैकीच एक.

परंतु याला सुधारणा म्हणावे काय? सेगाच्या १९९१ मधील ‘सॉनिक द हेजहॉग’चा धबधबा पाहावा. अर्धपारदर्शक पाणी रंगविणे त्या यंत्राला सहज साधणारे नव्हते. म्हणून चित्रकारांनी एकाआड एक उभ्या रेघा ओढल्या. साध्या व्हिडिओ केबलने जोडलेल्या दूरचित्रवाणी संचावर त्या परस्परांत मिसळत आणि पाण्यापलीकडचे दृश्य झिरपू लागे. संचाचा दोष हाच चित्रकाराचा कुंचला होता! कडांपुरतेच पाहणाऱ्या फिल्टरला हे मर्म उमगत नाही. त्याच्या हाती पाण्याऐवजी पट्टेच उरतात.

ज्याने त्याने आपल्या आवडीप्रमाणे खेळावे, हे मान्यच आहे. मात्र जतनाचा प्रश्न आवडीवर सोडता येत नाही. मूळ ठिपके अबाधित राखावेत, फिल्टर ऐच्छिक असावा आणि जुन्या काचनळीच्या पडद्याचे अनुकरण करणाऱ्या फिल्टरांना अग्रक्रम मिळावा. जीर्णोद्धार करणाऱ्याने मूर्ती घासण्यापूर्वी मूर्तिकाराचा हेतू जाणून घ्यावयास नको काय?