वाऱ्याचा आकडा आपल्याकडं पण पाहिजे

वाशी, भूमच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. कंपन्या पवनचक्की बसवायच्या आधी टॉवर लावून वारा मोजतात. रान देणाऱ्याला मात्र भाड्याचा आकडा ठाऊक, वाऱ्याचा नाही.

म्हणून म्हणतो, झेडपीच्या शाळेत वारा मोजा. चार कागदी कप, दोन काड्या, सायकलचा स्पोक. एका कपाला लाल रंग द्या नि मिनिटाच्या फेऱ्या मोजा. वारा पडला असताना मोटारसायकल ताशी २० नं चालवायची, मागच्या गुरुजींनी यंत्र धरायचं. जेवढ्या फेऱ्या, तेवढ्या म्हणजे २० किलोमीटर. (रस्ता मोकळा बघा, गुरुजी!) शंभर मीटरवर वारा जास्त असतो, मान्य. पण वर्षभर वहीत आकडे लिहिणारी पोरगी उद्या बापाच्या सहीआधी विचारील, "आमच्या माळावर वारा किती भरला?"