शब्दवही : सोलिदुस – भरीव नाणे आणि भरीव शब्द

लॅटिन भाषेत ‘सोलिदुस’ असे एक विशेषण होते. भरीव, अखंड, आतून पोकळ नसलेले, हा त्याचा अर्थ. इंग्रजीतील ‘सॉलिड’, फ्रेंचमधील ‘सोलीद’, इटालियनमधील ‘सोलिदो’, स्पॅनिश व पोर्तुगीजमधील ‘सोलिदो’ ही सारी त्याचीच संतती होय. जर्मन भाषेत तर ‘सोलीडे’ म्हणजे विश्वासार्ह. ज्या पेढीचा व्यवहार चोख, तिला हे विशेषण लावतात.

विशेषणाला हा मान लाभला तो एका नाण्यामुळे. चौथ्या शतकाच्या आरंभी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने सोन्याचे नवे नाणे पाडले. एका रोमन पौंड सोन्यातून बहात्तर नाणी, म्हणजे प्रत्येकी सुमारे साडेचार ग्रॅम, असे त्याचे प्रमाण होते. त्यापूर्वीच्या सम्राटांनी चांदीच्या नाण्यांत हिणकस धातू मिसळून बाजाराचा विश्वास गमावला होता. म्हणून नव्या नाण्याचे नावच ‘सोलिदुस’, अर्थात ‘भरीव’, असे रूढ झाले. पुढे सुमारे सातशे वर्षे त्याचा कस जवळजवळ अबाधित राहिला.

सहाव्या शतकातील कॉस्मस या ग्रीक लेखकाने एक प्रसंग नोंदविला आहे. सोपात्रोस नावाचा रोमन व्यापारी सिंहलद्वीपी उतरला असता राजाने त्याला व एका इराणी गृहस्थाला विचारले, की तुमच्यापैकी कोणाचा राजा थोर? इराण्याने आपल्या राजाच्या पराक्रमाचे पुष्कळ वर्णन केले. सोपात्रोस म्हणाला, की दोन्ही राजे येथेच उपस्थित आहेत. दोघांची नाणी पाहावीत. एका हाती चांदीचे इराणी नाणे, दुसऱ्या हाती सोन्याचे तेजस्वी रोमन नाणे. राजाने निर्णय तत्काळ दिला. याच कॉस्मसने भारताच्या किनाऱ्यावरील ‘कल्लिआना’ बंदराचा उल्लेख केला आहे; ते आपले कल्याण असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दक्षिण भारतात सोलिदुसचे साठेही सापडले आहेत.

नाण्यामागोमाग शब्द घराघरांत शिरला. ज्याला लढण्याबद्दल हे नाणे मिळे तो ‘सोल्जर’, पोर्तुगीजांचा ‘सोल्दादो’. जुन्या मराठीतला ‘सोजीर’ याच वंशातला. स्पॅनिशमध्ये पगाराला ‘सुएल्दो’ म्हणतात, इटालियनमध्ये पैशाला ‘सोल्दी’. खातेवहीतील शिल्लक म्हणजे ‘साल्दो’. जमा-नावे जुळून हिशेब पक्का झाला, हा त्यातील भाव. 1971 पर्यंत इंग्रज शिलिंगसाठी ‘एस्’ हे अक्षर लिहीत, तेही शिलिंगचे नसून सोलिदुसचेच आद्याक्षर होते.

कायद्यानेही हे विशेषण उचलले. अनेकांनी मिळून घेतलेल्या कर्जाची संपूर्ण जबाबदारी प्रत्येकावर असेल, तर रोमन कायद्यात त्याला ‘इन सोलिदुम’ म्हणत. भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 मध्येही तत्त्व हेच आहे. पेढीच्या देण्यासाठी प्रत्येक भागीदार इतरांसह आणि स्वतंत्रपणेही बांधील असतो. एकजुटीसाठी युरोपीय भाषांत वापरला जाणारा ‘सॉलिडॅरिटी’ हा शब्द मूळचा या ऋणकोंच्या बंधनातून आला आहे.

परंतु नाण्याचा शेवट मात्र उदास आहे. अकराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांनी खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी सोन्यात भेसळ आरंभिली. प्रथम थोडी, मग अधिक. अखेरीस नाण्यात सोने नावापुरते उरले आणि 1092 मध्ये आलेक्सिओस सम्राटाला नवे नाणे काढावे लागले. पश्चिमेकडे तर फ्रान्सचा ‘सू’ आणि इटलीचा ‘सोल्दो’ घसरत घसरत तांब्याचे चिल्लर झाले. ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याच्याजवळ ‘एक सूही नाही’ असे फ्रेंच माणूस म्हणतो. एके काळी राजाचे थोरपण सिद्ध करणाऱ्या नावाची ही परिणती!

जैन श्रावकाला ही कथा परकी वाटू नये. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ हे दोन सांगितले आहेत. पहिला खोट्या वजनमापांचा, दुसरा अस्सल म्हणून नकली देण्याचा. भेसळ करणाऱ्या सम्राटाने एकाच्या खिशातून काही काढून घेतले नाही. तरी नाणे स्वीकारणाऱ्या प्रत्येकाचे थोडे थोडे त्याने हरण केले. म्हणूनच शास्त्रकारांनी या कृत्याची गणना चोरीच्या दोषांत केली.

पेढीचे नाव हेही एक नाणेच होय. आजोबांनी पाडलेले, वडिलांनी चालविलेले. त्याचा कस एका दिवसात उतरत नाही. ‘एवढ्याने काय होते’ असे म्हणत तो उतरतो, आणि पाटीवरची अक्षरे मात्र तशीच राहतात. दिवाळीला नव्या वहीवर ‘श्री’ लिहिताना मागील वहीची शिल्लक पुढे ओढली जाते. ती रकमेची असते, तशी विश्वासाचीही असते.