घरचें व दारचें : बेंजोवाल्याचें आसन

गेल्या भाद्रपदांत पेण तालुक्यांतील गागोदे बुद्रुक येथें एका स्नेह्यांकडे आम्ही गणपतीस गेलों होतों. विसर्जनाची मिरवणूक निघाली, तसा घरांतील चौदा वर्षांचा नातू बेंजोवाल्याच्या पाठोपाठ चालूं लागला. परतल्यावर त्यानें आजोबांस विचारलें, "मी हें वाजवायला शिकूं का?" आजोबा म्हणाले, "पेटी शीक, सतार शीक. तें मिरवणुकींतलें वाद्य आपलें नव्हे." मुलगा मान खालीं घालून उठून गेला. आम्ही पाहुणे, त्या वेळीं गप्प बसलों. आज मात्र बोलणें प्राप्त आहे.

'आपलें' हा शब्द येथें तपासून पाहिला पाहिजे. आजोबांस मान्य असलेली पेटी युरोपांतून आली. बेंजोचें मूळ जपानांतलें. 1912 सालीं नागोया शहरीं मोरिता गोरो यांनीं टंकलेखन-यंत्रासारख्या कळा तारांवर बसवून 'तैशोगोतो' नांवाचें वाद्य केलें. तेंच हिंदुस्थानांत येऊन बुलबुलतरंग झालें. डाव्या हातानें कळ दाबावी, उजव्या हातानें तार छेडावी. सुराची जागा कळेनेंच नेमलेली, म्हणून सामान्य घरांतही तें रुळलें. पुढें त्यास वीज जोडली गेली, आवाज रस्ताभर पोंचूं लागला, आणि ढोल-ताशाच्या जोडीनें मुंबईंत व कोंकणांत बेंजो पार्टी उभी राहिली. गाणारा असावाच लागतो असें नाहीं. कोळीगीत असो वा चित्रपटगीत, शब्दांचें काम तारच करते.

असाच प्रकार कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर घडला. फळीवर उभे राहून लाटांशीं खेळणाऱ्या तरुणांपुढें डिक डेल विजेची गिटार वाजवी. त्याचे वडील लेबनानी वंशाचे. 1962 सालीं त्यानें 'मिसिर्लू' ही पूर्व भूमध्य प्रदेशांतील जुनी चाल विलक्षण वेगानें वाजवून गाजविली. त्या संगीतास 'सर्फ रॉक' म्हणतात. त्याचे इतिहास ग्रंथांतून लिहिले गेले. आमच्या बेंजो पार्ट्यांचा इतिहास मात्र वादकांच्या आठवणींतच राहिला आहे.

आणि हें गांव तर गागोदें! येथेंच 1895 सालीं विनोबा भावे जन्मले. त्यांचे वडील नरहरपंत बडोद्यास राहत. उतारवयांत त्यांनीं मुसलमान उस्तादापाशीं बसून संगीताचा अभ्यास केला, आणि नादरखां यांचा मृदंगबाज व शेख राहत अली यांच्या ठुमऱ्या पुस्तकरूपानें प्रसिद्ध केल्या. विद्या कोणाच्या घरची, हें त्यांनीं विचारलें नाहीं.

कर्णे ताळ्यांत असावे, हें आम्हांसही मान्य आहे; रात्रीं दहानंतरच्या बंदीचा नियम 2000 सालापासून आहेच. परंतु कर्ण्याचा दोष वाद्याच्या माथीं मारूं नये. बेंजोवाल्यास अंगणांत उभें न ठेवतां ओटीवर बसवावें, हातांत प्रसाद द्यावा, आणि नातवास त्याच्यासमोर बसूं द्यावें. चार दिवसांत मुलगा कंटाळला, तर नुकसान कांहीं नाहीं. रमला, तर घरांत एक विद्या येईल.

आमच्या स्नेह्यांस हें सर्व पत्रानें कळविलें आहे. उत्तराची वाट पाहत आहों.