शिरोघाताचा पहिला प्रहर

डोक्याला मार लागलेला मनुष्य इस्पितळाच्या दारात आणला गेला, की त्याच्या आप्तांच्या तोंडून निघणारा पहिला प्रश्न बहुधा यंत्राविषयीचा असतो. स्कॅन येथे होईल की जिल्ह्याच्या गावी जावे लागेल, आणि मेंदूचे शल्यविशारद कोठे भेटतील, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते. ही चिंता स्वाभाविक आहे आणि तिला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. परंतु वृत्तपत्रे, लोकप्रतिनिधी आणि आरोग्य खात्याचे वरिष्ठ अधिकारी हेही जेव्हा यंत्रे आणि विशेषज्ञ यांच्या संख्येपलीकडे विचार नेत नाहीत, तेव्हा ज्या गोष्टीवर अशा रुग्णाचे जगणे-वाचणे पुष्कळ अंशी अवलंबून असते, आणि जी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही एक रुपयाचे नवे यंत्र न घेता साधण्यासारखी आहे, तिच्याकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते. ती गोष्ट म्हणजे पहिल्या काही तासांत रुग्णाचा श्वास आणि रक्तदाब सांभाळणे, व त्याच्या शुद्धीची ठराविक अंतराने तपासणी करून ती घड्याळाच्या वेळेसह लिहून ठेवणे.

शिरोघातात मेंदूला इजा दोनदा होते. पहिली रस्त्यावर, आघाताच्या क्षणी होते आणि ती परतवणे कोणत्याही वैद्याच्या हाती नसते. तिच्यावर इलाज एकच, तो म्हणजे अपघात होण्यापूर्वी डोक्यावर चढवलेले शिरस्त्राण. दुसरी इजा मात्र त्यानंतरच्या तासांत हळूहळू घडत जाते. कवटी ही झाकण घट्ट बसलेल्या डब्यासारखी असते, हे एडिनबरोच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ सालीच सांगून ठेवले आहे; तिच्यात मेंदू, रक्त आणि द्रव एवढ्यांनाच जागा असते. आत रक्त साचू लागले अथवा सूज वाढू लागली, की प्रथम द्रव बाहेर सरकतो, मग नीलांतील रक्त, आणि तेही संपल्यावर दाब एकाएकी चढून मेंदूला होणारा रक्ताचा पुरवठाच आखडतो. अशा अवस्थेत रुग्णाचा रक्तदाब खाली गेला किंवा त्याच्या रक्तातील प्राणवायू कमी पडला, तर पहिल्या आघातातून बचावलेला मेंदूचा भागही मरतो. वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेलेल्या तीव्र शिरोघाताच्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण किमान दुप्पट होते, हे १९९३ साली अमेरिकेतील मोठ्या नोंदसंग्रहावरून सिद्ध झाले आहे. घसा साफ करणे, मान स्थिर धरून जबडा पुढे ओढणे, प्राणवायूची नळी लावणे, पोटात वा मांडीत रक्तस्राव चालू आहे काय हे पाहून सलाईन सुरू करणे, ही कामे करण्यास मेंदूचा विशेषज्ञ लागत नाही. ती करावयास हवा तो जागा असलेला, शिकवलेला आणि आपल्या कामाची जबाबदारी मानणारा वैद्यकीय अधिकारी.

यानंतर शुद्धीचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते आपल्याकडे सर्वांत मोठी हयगय येथेच होते. कोणी केसपेपरवर ‘अर्धवट शुद्धीत’ लिहितो, कोणी ‘गुंगीत’, कोणी ‘प्रतिसाद देतो’. दोन तासांनी पाळी बदलून येणाऱ्या डॉक्टरला रुग्ण सुधारतो आहे की खालावतो आहे हे अशा शेऱ्यांवरून मुळीच कळू शकत नाही. नेमकी हीच अडचण दूर करण्यासाठी ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली आपली मोजणी प्रसिद्ध केली. डोळे केव्हा उघडतो, बोलतो कसा, आणि हातपाय कसे हलवतो, या तीन प्रश्नांना अनुक्रमे ४, ५ आणि ६ पर्यंत गुण द्यावयाचे. पूर्ण शुद्धीतील मनुष्याची बेरीज १५ होते, गाढ बेशुद्धाची ३, आणि ८ वा त्याहून कमी भरली तर श्वासनलिकेत नळी घालण्याची तजवीज करावयाची. या मोजणीचा खरा मोठेपणा तिच्या साधेपणात आहे. कुडाळची परिचारिका आणि मुंबईचा प्राध्यापक यांची आयुष्यात भेट झालेली नसतानाही, एकाने लिहिलेला आकडा दुसऱ्याला तंतोतंत समजतो.

तथापि एकदाच काढलेला आकडा फारसा उपयोगी नसतो. कानशिलाजवळ कवटीचे हाड पातळ असून त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. तेथे हाड मोडून ती फाटली, तर मनुष्य क्षणभर बेशुद्ध होऊन पुन्हा सावध होतो, उठून बसतो, पाणी मागतो, घरच्यांशी बोलतो, आणि त्याच वेळी कवटी व मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचत असते. अशा मनुष्याची बेरीज आल्याबरोबर १५ भरते. अर्ध्या तासाने ती १४ होते, आणखी अर्ध्या तासाने १२. ही उतरण कागदावर दिसली, तर बाहुली विस्फारण्यापूर्वी आणि नाडी मंदावण्यापूर्वी त्याला शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचवता येते आणि तो बहुधा पूर्ण बरा होतो. ज्याच्याकडे ‘झोपला आहे, झोपू द्या’ म्हणून कोणी पाहिलेच नाही, तो झोपेतच हातचा जातो. आवरणाखाली तीव्र रक्तस्राव झालेल्या रुग्णांचा एक अभ्यास अमेरिकेत १९८१ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांची शस्त्रक्रिया चार तासांच्या आत झाली त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण ३० टक्के होते, आणि ज्यांना त्याहून उशीर झाला त्यांच्यात ते ९० टक्के होते.

येथे दारूच्या वासाविषयी स्पष्ट बोलणे मला अगत्याचे वाटते. रात्री अकरानंतर अपघातकक्षात येणाऱ्या जखमींपैकी काहींच्या तोंडाला वास येतो हे खरे, आणि त्यांच्यातील काही शिवीगाळ करतात, सलाईन उपटतात, हेही खरे. परंतु दारूच्या अमलाखालील मनुष्य पडण्याचा संभव अधिक असतो, आणि रक्तस्रावाने मेंदूवर दाब येऊ लागला की सभ्यातला सभ्य मनुष्यही बेताल होतो. तेव्हा वास आला म्हणून बेशुद्धीचे खापर दारूवर फोडून त्याला कोपऱ्यातल्या बाकावर टाकून देणे, यासारखा घातक निष्कर्ष वैद्यकात क्वचितच सापडेल. वास येणाऱ्या रुग्णाच्या डोक्याला इजा झालेली आहे असे धरूनच चालले पाहिजे, आणि त्याची मोजणी इतरांपेक्षा अधिक तत्परतेने झाली पाहिजे. तो गरीब आहे, एकटा आहे आणि त्याच्या बाजूने बोलणारे कोणी नाही, म्हणून तर विशेषच.

औषधांविषयी थोडक्यात सांगतो. कित्येक दशके शिरोघाताच्या रुग्णांना सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शने देण्याचा प्रघात होता. २००४ साली १०,००८ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि दोन आठवड्यांच्या आत मृत्यू पावणारे स्टेरॉइड दिलेल्यांत २१.१ टक्के, तर न दिलेल्यांत १७.९ टक्के निघाले. एवढे होऊनही एखाद्या चिठ्ठीवर ते औषध आजही दिसावे, ही खेदाची गोष्ट आहे. उलट, बाळंतपणातील रक्तस्रावासाठी वापरले जाणारे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे स्वस्त औषध, मार सौम्य वा मध्यम स्वरूपाचा असून तीन तासांच्या आत दिले गेले, तर डोक्यातील इजेने होणारे मृत्यू कमी करते, असे २०१९ च्या चाचणीत दिसून आले.

आता ‘पेशंटला पुढे हलवा’ या आपल्या सार्वत्रिक रिवाजाकडे वळू. पुढे हलवणे पुष्कळदा अपरिहार्य असते, कारण मेंदूची शस्त्रक्रिया प्रत्येक तालुक्यात होणे शक्य नाही. माझा आक्षेप हलवण्याच्या रीतीवर आहे. फौजदारी प्रकरणाच्या भीतीने जखमीला हातही न लावता पुढच्या गावी धाडण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा यांच्या याचिकेवरील निकालात बेकायदा ठरवली; त्या याचिकेच्या मुळाशी एका स्कूटरस्वाराची हकीकत होती, ज्याला जवळच्या इस्पितळाने पोलीस प्रकरणे घेण्याचा अधिकार नाही म्हणून सुमारे वीस किलोमीटर दूरच्या इस्पितळाकडे पाठवले आणि जो वाटेतच मरण पावला. पंचनामा व जबाब नंतर होतील, इलाज आधी झाला पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे. जखमीला आणून पोहोचवणाऱ्या वाटसरूलाही २०१६ च्या आदेशाने आणि पुढे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने संरक्षण मिळाले आहे. कायदा असा स्पष्ट असताना रुग्णाच्या नातलगांच्या हाती चार ओळींची चिठ्ठी देऊन, खाजगी जीपमध्ये, प्राणवायूवाचून त्याची रवानगी होते, तेव्हा वाटेतल्या दोन तासांत तो निळा पडला किंवा रक्तदाब कोसळला तरी ते कोणाच्याच दप्तरी नोंदले जात नाही, आणि पुढच्या इस्पितळात त्याची तपासणी नव्याने, शून्यापासून सुरू होते.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावते आहे आणि तिच्यात डॉक्टरही असतो, ही राज्याची जमेची बाजू आहे. तिच्यावर आणखी एवढीच भर पडावी: डोक्याच्या जखमीला हलवण्यापूर्वी श्वास आणि रक्तदाब सावरलेला असावा, पुढच्या इस्पितळाला दूरध्वनी झालेला असावा, आणि शुद्धीच्या मोजणीचा वेळवार तक्ता रुग्णाबरोबर गेल्यावाचून त्याला स्वीकारणे व पाठवणे हे दोन्ही दोषास्पद मानले जावे. आरोग्य संचालकांच्या एका परिपत्रकाने हे होण्यासारखे आहे. अर्थात परिपत्रक काढले म्हणजे अंमल झाला असे नव्हे. जिल्हा शल्यचिकित्सकांनी दरमहा अशा जखमींचे केसपेपर समोर घेऊन, तक्ता कोठे कोरा राहिला आणि का राहिला, हे विचारले पाहिजे. रात्रपाळीच्या एका परिचारिकेवर तीस खाटा सोपवल्या असतील, तर तक्ता कोरा राहण्याचा दोष तिचा नाही, हेही त्या बैठकीत निर्भीडपणे मांडले गेले पाहिजे आणि जागा भरण्याची मागणी वर गेली पाहिजे.

उरतात ते बहुसंख्य जखमी, ज्यांना थोड्या तासांनी घरी जाता येते. दोनदा ओकारी झालेला, पासष्टी ओलांडलेला, रक्त पातळ करणारी गोळी घेणारा, कानातून वा नाकातून पाणी येणारा, दोन तासांनीही बेरीज १५ न भरणारा, अशांचा स्कॅन झालाच पाहिजे. बाकीच्यांना सोडता येते. परंतु सोडताना घरच्या माणसाला मराठीत छापलेला कागद द्यावा आणि तो वाचून दाखवावा: डोकेदुखी वाढली, ओकाऱ्या होऊ लागल्या, बोलणे अडखळू लागले, हात वा पाय लुळा पडला, झटका आला किंवा हाक मारून जाग येईना, तर सकाळची वाट न पाहता परत आणावे. ज्याच्या घरी रात्री जागे राहील असे कोणीच नाही, जो बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत किंवा भाड्याच्या खोलीत एकटा राहतो, त्याच्या हाती हा कागद देऊन काही साधणार नाही. अशा जखमीला त्या रात्रीपुरती खाट देण्याचा अधिकार अपघातकक्षातील कनिष्ठ डॉक्टरला, कोणाच्याही मंजुरीची वाट न पाहता, मिळाला पाहिजे.