‘शोध’ कोणाचा?

हवाई बेटावरील किलाउएआ ज्वालामुखीच्या अंगावर, वरचा लाव्हा थिजून आंतला वाहून गेल्यानें एक भुयार झालें आहे. आमचे प्रवासवर्णनकार त्यास अद्यापि ‘थर्स्टन गुहा’ म्हणतात, व १९१३ सालीं लॉरिन थर्स्टन यांनीं ती ‘शोधून काढली’ असें बिनदिक्कत लिहितात! १८९३ सालीं लिलिउओकलानी राणीचें राज्य उलथणाऱ्यांतले हे एक अग्रणी. देश घेतला तो घेतला. भुयारही त्यांच्याच नांवें चढवावयाचें काय? नांवांत काय आहे, हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाहीं. तिचें हवाईयन नांव ‘नाहुकू’, म्हणजे उंचवटे. बहुधा आंतील लाव्हाच्या ठिबक्यांवरून पडलेलें. छताचे सुळके तर पाहुण्यांनीं आठवणीदाखल मोडून नेले. आतां निदान तें नांव तरी लेखकांनीं जागेवर राहूं द्यावें.