बाटली क्रमांक ५३-एन

वाल्देमार हाफकिन यांचं नाव परळच्या संस्थेला देऊन आपण मोकळे झालो. त्या माणसाचं सरकारने काय केलं, हे सांगायची वेळ आली की सगळ्यांची दातखीळ बसते. मला याची चीड आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारचा सगळा भर सक्तीवर. पुढच्या वर्षी पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरले. त्यातून काय घडलं ते आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्याच काळात ओडेसात जन्मलेला हा ज्यू जंतुशास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या राजी असलेल्या कैद्यांना दिली. लोकांचा विश्वास असा मिळवायचा असतो, बंदुकीच्या दस्त्याने नव्हे.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी १०७ जणांना ही लस टोचली गेली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळेच्या सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले, बाटली क्रमांक ५३-एन. इतर बाटल्यांतली लस घेतलेल्या कोणालाही धनुर्वात झाला नाही. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो पुन्हा वापरला गेला. उघडली तेव्हा बाटलीला कसलाही वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू मुंबईपासून तिच्यात वाढत आले असते, तर दुर्गंधी लपली नसती. इतकं समोर असूनही सरकारी चौकशीने खापर फोडलं परळच्या प्रयोगशाळेवर, कारण हाफकिन यांनी लशीतलं कार्बॉलिक ॲसिड वगळून उष्णतेवर भरवसा ठेवला होता. हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं आणि त्यांना हिंदुस्थान सोडावा लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

हे का झालं? हाफकिन डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. इंग्रज नव्हते, ज्यू होते. आणि लष्करी सेवेतल्या पदवीधर डॉक्टरांच्या डोक्यावर बसले होते. तपासणीत उणीव राहिली असं मी मानत नाही. ज्यांना दोषी हवा होता त्यांना तो आयता सापडला.

१९०७ साली रोनाल्ड रॉस आणि इतर जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहीर पत्र लिहिलं तेव्हा कुठे सरकार नमलं. हाफकिन परत आले ते कलकत्त्याला. स्वतः उभी केलेली परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. संस्थेला त्यांचं नाव लागलं १९२५ साली. तोवर ते हिंदुस्थान सोडून गेले होते.

लशीने कोणी दगावलं की आजही आधी बळीचा बकरा शोधला जातो. बाटलीपासून सुईपर्यंतचा प्रत्येक हात तपासायचं काम मागे पडतं. म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांनी, आणि त्याहून आधी चौकशी समित्यांवर बसणाऱ्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गांनी, मलकोवालचं प्रकरण अभ्यासक्रमात घ्यावं. याच वर्षीपासून घ्यावं.